जपान: गाईड शहरात कशाला, खेड्यात द्या ना!

गवती_चहा

नोव्हेंबरात आईला घेऊन जपानला जाऊन आले. आईचं वय ६९, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. सहा दिवस मुंबईहून निघालेल्या ग्रुपबरोबर, आणि ग्रुप ओसाकाहून घरी परतल्यावर चार दिवस आम्ही दोघीच. त्या चारातले दोन दिवस तिथला गाईड घेतला होता. आल्यापासून भेटेल त्याला एकच गोष्ट सांगतेय. घरचे कंटाळले, म्हणून आता इथे लिहिते.

माझं म्हणणं असं की आपल्याकडच्या टूरवाल्या कंपन्या गाईड उलट्या जागी लावतात. तोक्यो, क्योतोत झेंडीवाला गाईड दिवसभर पुढे, आणि खेडं आलं की "दोन तास फ्री टाइम, साडेबाराला बसपाशी या".

तोक्योत चुकायचं म्हटलं तरी अवघड. प्रत्येक मेट्रो स्टेशनला अक्षर आणि आकडा आहे. आसाकुसा म्हणजे जी-१९, बस, आकडे मोजत जायचं. पाट्या इंग्रजीत, फोनवर नकाशा, आणि अडलात तर कोणीतरी स्वतःची ट्रेन सोडून तुम्हाला जिन्यापर्यंत सोडून येतं. मग गाईड काय करतो? ३८ डोकी मोजतो. स्कायट्री मनोरा ६३४ मीटर उंच आहे हे बसच्या माइकवर तीनदा ऐकलं. ६३४च का, ते नाही. सहा-तीन-चार म्हणजे मु-सा-शी, आणि मुसाशी हे त्या भागाचं जुनं नाव. हे मला तिकिटाच्या रांगेत फोनवर कळलं. किंकाकुजीला, म्हणजे सोन्याच्या मंदिराला, बाथरूमसकट ४० मिनिटं. ते मंदिर १९५० साली एका तरुण भिक्षूने जाळलं होतं आणि आज दिसतं ते १९५५ साली पुन्हा उभं केलेलं आहे, हे आमच्या बसमधल्या निम्म्या लोकांना अजूनही माहीत नसेल.

एक अपवाद नाराचा. तिथल्या तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाची प्राणप्रतिष्ठा ७५२ साली झाली आणि मूर्तीचे डोळे रंगवले बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने, हे गाईडबाईंनी सांगितलं तेव्हा बसमध्ये टाळ्या पडल्या. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या. आई म्हणाली, "रथाच्या दोराला हात लावतात तसं." बरोबर तसंच.

आता खेडं. ताकायामाहून बसने ५० मिनिटांवर शिराकावा-गो, त्यातलं ओगिमाची गाव. गवताच्या उतरत्या छपरांची घरं, १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत. फोटो सगळ्यांनी पाहिलेत. आम्ही गेलो तेव्हा पाच-सहा बसेस उभ्या होत्या, लोक पुलावरून येऊन, टेकडीवरून फोटो काढून, आइस्क्रीम खाऊन परत. आमचे गाईड सत्तरीचे गृहस्थ, इंग्रजी तुटकं पण पुरेसं. त्यांनी आधी दोन्ही हात जोडले, मग छपराकडे बोट दाखवलं. या घरांच्या बांधणीला 'गाश्शो' म्हणतात, म्हणजे जोडलेले हात. आईने लगेच नमस्कार केला, घराला की त्यांना कोण जाणे.

छपराचा उतार जवळजवळ ६० अंश, कारण बर्फ माणसाच्या उंचीच्या वर पडतं आणि ते घसरून जायला हवं. घरांचे आढे उत्तर-दक्षिण, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं ऊन लागून गवत वाळतं. वरच्या माळ्यांवर रेशमाचे किडे पाळत. जमिनीखाली खड्ड्यात बंदुकीच्या दारूसाठी सोरा तयार करत. आणि छपराच्या सांगाड्यात खिळा नाही, सगळं दोरांनी आणि ओल्या डहाळ्यांनी बांधलेलं.

गुडघ्यांमुळे आईला माळ्यावर चढता येईना, म्हणून बघायला खुल्या असलेल्या एका घरात ती खालीच चुलवणापाशी बसली. गाईडही तिथेच बसले. म्हणाले, "हा धूर बंद झाला की छप्पर सडतं. धुराने किडा लागत नाही, दोर घट्ट राहतात." आईचं माहेर पाटण खोऱ्यातलं. ती म्हणाली, "सांग त्यांना, आमच्या चुलीवरच्या माळ्यालाही कधी वाळवी लागली नाही. गॅस आला आणि दोन वर्षांत वासे पोकळ." मी भाषांतर केलं. ते गृहस्थ इतके खूश झाले की पुढचा तासभर माझं काम फक्त दुभाष्याचं. छप्पर कोण शाकारतं? सगळं गाव. एका घरचं छप्पर, पण अख्खी वस्ती येते, मजुरी नाही, वहीत नोंद की कोणाकडून किती हात आले, उद्या आपण तितके द्यायचे. काम झालं की जेवण आणि साके. याला 'यूई' म्हणतात.

"म्हणजे इर्जिक," आई म्हणाली. "आणि साकेच्या जागी मटण."

हे मला कुठल्या ॲपने सांगितलं असतं?

पुढे किसो खोऱ्यातलं त्सुमागो झालं, ते सवडीने लिहीन. तुमचे अनुभव सांगा. विशेषतः कोणी ज्येष्ठांना घेऊन खेड्यात राहिलं असेल तर.

पोहे_विथ_शेव

वा! इर्जिक वाचून अंगावर काटा आला. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पण मूळ प्रश्न राहिलाच की. जेवलात काय? आम्ही शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. सासूबाईंचा चातुर्मास असतो तेव्हा कांदा-लसूणही बंद.

शिवनेरीची_सावली

इर्जिकीवरून आठवलं. आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात शेताचे बांध घालायला आदिवासी वस्त्यांत 'पडकई' असायची, हाच हिशेब. नोंद वहीत नाही, डोक्यात. आणि कोणी विसरत नसे!

टूरची_शिट्टी

ताई, लेख छान आहे, पण थोडं आमच्या बाजूनेही ऐका. मी अकरा वर्षं टूर मॅनेजर होतो, त्यात जपानच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या. आता नोकरी सोडली, त्यामुळे मोकळेपणी लिहितो.

किंकाकुजीला ४० मिनिटं का? कारण बसची पार्किंगची वेळ ठरलेली, आणि ड्रायव्हरचे तास ठरलेले. एप्रिल २०२४ पासून तिथे चालकांच्या जादा कामाच्या तासांना कायद्याने कात्री लागली. संध्याकाळी तो "सुमिमासेन" (माफ करा) म्हणून गाडी बाजूला लावतो आणि तुमचा पूर्ण ग्रुप हॉटेलपासून वीस किलोमीटरवर. एकदा अनुभवलंय. मग सकाळचं प्रत्येक ठिकाण दहा-दहा मिनिटांनी कापावं लागतं.

दुसरं म्हणजे, खेड्यात गाईड लावला तर ऐकणारे किती? ३८ जणांतले तीस लोक फोटो आणि शॉपिंगसाठी आलेले असतात. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, त्यांचे पैसे, त्यांची सुट्टी. पण गावातला म्हातारा गाईड आणि माइकशिवाय ३८ माणसं, हे गणित जमत नाही. तुमच्याबरोबर दोघींना तो चुलीपाशी बसला. ३८ जणांना तो घरात घेऊच शकला नसता.

गवती_चहा

@टूरची_शिट्टी: ड्रायव्हरच्या तासांचं खरंच माहीत नव्हतं. कोणी समजावून सांगितलं असतं तर बसमधली कुरकुर निम्मी झाली असती. आम्हाला फक्त "लवकर लवकर" ऐकू यायचं.

तीस लोक शॉपिंगला आलेले असतात हेही मान्य. पण उरलेल्या आठांनी काय करायचं? वीस मिनिटांचा एक जादा पर्याय ठेवा, गाईडचे पैसे वेगळे घ्या. आम्ही आनंदाने देतो.

@पोहे_विथ_शेव: ग्रुपबरोबर रोज रात्री भारतीय जेवण. पनीर, दाल, जिरा राइस, सहाही रात्री. चौथ्या दिवशी आईच म्हणाली, "एवढं पनीर मी पुण्यात खात नाही." बाकी कासाईची_काकू सांगतील, त्या तोक्योतच राहतात.

कासाईची_काकू

आले आले. इथे रात्रीचे साडेअकरा, तुमच्याकडे आठ वाजलेत, म्हणून तुम्ही ताजे आणि मी पेंगतेय.

चौदा वर्षं निशी-कासाईत राहते. हा भाग आपल्या लोकांचा, इथे तुम्हाला कढीपत्ता मिळेल आणि मराठी गप्पाही. आता पोहे_विथ_शेवसाठी.

अडचण मांसाची नाही, 'दाशी'ची आहे. दाशी म्हणजे जवळजवळ प्रत्येक जपानी रस्सा, सूप, सॉसमागचं पाणी, आणि ते बहुधा वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसातून काढतात. कोणाला विचारलं "यात मांस आहे का?" तर प्रामाणिकपणे "नाही" म्हणतील. भाजी नुसती दिसते, पण शिजवलेली दाशीत. थंड सोबा नूडल्स दिसायला निरागस, पण बुडवायच्या पाण्यात दाशी. इनारी सुशीतलं तोफूचं पाकीटही सहसा त्यातच उकळलेलं. एक वाक्य पाठ करा: "निकु मो साकाना मो ताबेमासेन. दाशी मो दामे देसु." मांस नको, मासा नको, दाशीही चालत नाही. कागदावर जपानी लिपीत लिहून घ्या आणि दाखवा.

कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, नुसत्या मिठाचा ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, त्यातल्या त्यात बरा. उमेबोशी (खारवलेला आलुबुखार) किंवा कोम्बुचा (समुद्री शेवाळ) घेतलात तर पाकिटावर माशाचा अर्क आहे का ते फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून बघा. एदामामे (सोयाबीनच्या हिरव्या शेंगा), भाजलेलं रताळं, फळं. ताक्क्युबिनने, म्हणजे तिथल्या सामान पोचवणाऱ्या सेवेने, थेपले पुढच्या हॉटेलला पाठवणाऱ्या काकूही मी पाहिल्यात.

आणि तुमच्या सासूबाईंसाठी खरं उत्तर आहे कोयासान. ओसाकाच्या नांबाहून ट्रेन, शेवटी डोंगर चढणारी केबल कार, साधारण दोन तास. कुकाई उर्फ कोबो दाइशी यांना ८१६ साली हा डोंगर मिळाला, तेव्हापासून शिंगोन या बौद्ध पंथाचं मुख्य ठाणं. मंदिरातच राहायचं आणि शोजिन र्योरी जेवायची, भिक्षूंचं जेवण. त्यात मांस-मासा नाहीच, पण कांदा-लसूणही नाही! कोयाचं सुकवलेलं तोफू, तिळाचं तोफू, डोंगरातल्या भाज्या. बुकिंग करताना एकदा विचारून खात्री करा, बस.

पहाटे पूजा असते. काही मंदिरांत 'गोमा' बघायला मिळतो, अग्नी पेटवून त्यात आहुती. गोमा म्हणजे आपला होम, शब्दही तोच. ओकुनोइनच्या जंगलात दोन लाखांच्या वर समाध्या आहेत. कित्येक समाध्या पाच दगडांच्या, एकावर एक. दगडांवर कोरलेली अक्षरं जरा निरखा. ती जपानी नाहीत. सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं आहेत. खालून वर अ, व, र, ह, ख. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. माझे वडील आले होते तेव्हा एका दगडापुढे पंधरा मिनिटं उभे, हलायला तयार नाहीत.

पोहे_विथ_शेव

काकू!! बस्स. आता नवऱ्याला हा धागा दाखवते.

सिंहगड_रोडकर

अवांतर: पुणेकरांनी सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलेलं असतंच. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बांधलंय. मूळ बाग साधारण १७०० साली पुरी झालेली, जपानच्या तीन प्रसिद्ध बागांपैकी एक. ओसाकाहून हिरोशिमाला शिंकानसेनने (बुलेट ट्रेनने) जाताना ओकायामा वाटेतच लागतं. दोन तास उतरा आणि पुढची गाडी घ्या. मी उतरलो होतो. आपल्या बागेत "हिरवळीवर बसू नये"ची पाटी असते, तिथे मोठ्या हिरवळीवर लोक चक्क डबा खात होते. बायकोने फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

बजेट_बाळू

सगळं गोड गोड चाललंय, पैशांचं कोणी बोलत नाही. रेल्वे पास घ्यायचा का? युट्यूबवर सगळे "जेआर पास मस्ट" म्हणतात.

टूरची_शिट्टी

@बजेट_बाळू: ते व्हिडिओ जुने. सात दिवसांचा साधा पास २९,६५० येनचा होता, ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ५०,००० येन झाला. तोक्यो ते क्योतो नोझोमीने (सगळ्यात वेगवान शिंकानसेन) एकदा जायला साधारण चौदा हजार. जाऊन-येऊनसुद्धा पास वसूल होत नाही, आणि पासवर नोझोमीला वेगळे पैसे. सात दिवसांत हिरोशिमापर्यंत धावाधाव करणार असाल तरच हिशेब मांडा. नाहीतर सुटी तिकिटं.

मोठ्या बॅगेचंही सांगतो. लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंमीच्या वर गेली तर तोकाइदो शिंकानसेनमध्ये त्यासाठीची सीट आधी राखावी लागते. त्यापेक्षा बॅग ताक्क्युबिनने पाठवा. आज हॉटेलच्या काउंटरवर द्या, बहुतेक ठिकाणी उद्या पुढच्या हॉटेलात हजर. पाठीवर एक दिवसाचे कपडे, बस.

गवती_चहा

+१. ताकायामाच्या लाकडी जिन्यांवर २४ इंची बॅग ओढणाऱ्यांकडे बघून आईने मला शाबासकी दिली, ४१ वर्षांत दुसरी.

त्सुमागोचं राहिलं होतं. एदो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना डोंगरातून जोडणारा नाकासेन्दो रस्ता होता, त्यावर ६९ मुक्काम. मागोमे आणि त्सुमागो हे त्यातले दोन, आणि मधली सुमारे आठ किलोमीटरची जुनी वाट अजून चालता येते. वाटेत अस्वलांसाठी घंटा टांगल्यात. येणाऱ्याने वाजवायची, म्हणजे अस्वल बाजूला होतं. अर्ध्या वाटेवरच्या जुन्या चहाच्या घरात एका आजोबांनी चहा दिला, पैसे घेईनात, पेटीत वाटलं तर टाका म्हणाले. आई बसने पुढे गेली होती, मी आणि गाईड चालत. मी त्यांना विचारलं, इतकी जुनी घरं टिकली कशी? तर म्हणे गावाने १९६०च्या दशकाअखेर दुरुस्ती हाती घेतली आणि मग नियम केला: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारा घरांच्या मागे, दिवसा मुख्य रस्त्यावर गाड्या बंद. मला आमच्या वाड्याचं आठवलं. तीन भाऊ, दोन वकील, एक बिल्डर. असो.

कासाईची_काकू

एक मात्र पटलं नाही, गवती_चहा. "शहरात गाईड नको" हे नको म्हणू. शहरात *बरा* गाईड हवा. आसाकुसाच्या सेन्सोजी देवळाला सगळे ग्रुप जातात, लाल कंदिलाखाली फोटो काढतात, समोरच्या नाकामिसे बाजारात चावीचे जुडगे घेतात आणि परत. तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर नदीकाठी मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. शोदेन म्हणजे आपला गणपती, इथे कांगितेन. मूर्ती पडद्याआड असते, बघायला मिळत नाही. पण देवळावर सगळीकडे मुळा कोरलेला. मोदक नाही, मुळा! लोक ताजा पांढरा मुळा विकत घेऊन वाहतात, जानेवारीत मुळ्याचा उत्सव असतो. माझ्या ओळखीच्या एकाही ग्रुपला इथे नेलेलं नाही, आणि निम्मी बस चतुर्थीला उपास करणारी!

क्योतोला सान्जुसान्गेन्दो मंदिरात १००१ कान्नोन (अवलोकितेश्वर) मूर्तींसमोर २८ रक्षक देव उभे आहेत. ब्रह्मा आहे, इंद्र आहे, आणि त्यांच्याखेरीज वायूही आहे. सांगणारा असेल तर कळतं, नाहीतर "खूप मूर्ती होत्या" एवढंच घरी सांगता येतं.

गवती_चहा

काकू, मुळ्याचं वाचून मी आईला हाक मारली. ती म्हणते, "आणि आपण तिथून पंधरा मिनिटांवर चाव्यांचे जुडगे घेत होतो?" घेतले होते, अकरा.

मान्य. शीर्षक बदलता येत असतं तर 'बरा' घातलं असतं.

लाजाळू_लता

जरा लाजत विचारते. ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या सार्वजनिक स्नानगृहात, खरंच काहीच घालायचं नसतं? सासूबाई बरोबर असणार आहेत.

गवती_चहा

@लाजाळू_लता: काहीच नाही. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. आधी छोट्या स्टुलावर बसून स्वच्छ आंघोळ, केस बांधायचे, मग पाण्यात. छोटा पंचा पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. मी दहा मिनिटं दारात घुटमळले. आई मला ओलांडून आत गेली आणि म्हणाली, "नदीवर वाढलेय मी." गुडघ्यांना त्या पाण्याने जो आराम पडला तो तीन महिन्यांच्या फिजिओने पडला नव्हता, असं ती म्हणते, फिजिओला सांगू नका. अगदीच नको वाटलं तर खोलीतच टब असलेलं र्योकान (पारंपरिक जपानी निवास) बघा, किंवा तासावर भाड्याने मिळणारं खाजगी.

आणि युकाता, म्हणजे तिथला सुती झगा, घालताना डावी बाजू वर. उजवी वर घेतली तर ती फक्त मृताला नेसवतात. आमच्या मजल्यावरच्या बाईंनी धावत येऊन आईची नीट केली होती.

नागपुरी_संत्रं

भाऊ, बाबा ७४चे, गुडघे आईंसारखेच. ऑगस्टमध्ये सुट्टी हाय, नेऊ का?

कासाईची_काकू

ऑगस्ट नको. उकाडा आणि दमटपणा नागपूरलाही लाजवेल, वर मध्यावर ओबोन हा पूर्वजांचा सण, सगळं जपान गावी निघतं. एप्रिल अखेर ते ५ मे गोल्डन वीक, म्हणजे सलग सुट्ट्या, तेही टाळा. बाबांसाठी नोव्हेंबर. ताकायामाला थंडी असते, स्वेटर घ्या.

गवती_चहा

@नागपुरी_संत्रं: आणि बूट बिना लेसचे. घर, देऊळ, र्योकान, जेवायची जागा, सगळीकडे काढायचे. ताकायामात एका दिवसात मी नऊ वेळा मोजले. आई म्हणते, "त्यांना सांग, मोजे भोक नसलेले घ्या." तिचा अंगठा दोन दिवस बाहेर होता.